दुखवट्याच्या सालचं तिखट

डंक्यावर मिरची कांडायला आणली की आपल्या मिरचीपाशी आपण बसायचं, हा जुना नियम. कुणी पाटी लावलेली नाही, पण मल्लारामच्या फाट्यावर जयवंताचा डंका सुरू झाला तेव्हापासून तो चालत आला. मुळात नियम अविश्वासाचा. मिरची आपली बॅडगी आणि घरी जाताना पिशवीत तिखट दुसरीचं, असं होऊ नये म्हणून बाईनं डोळ्यांत तेल घालून बसायचं. पण दुपारभर बसलेली बाई किती वेळ नुसती मिरचीकडे बघत राहील? मग तोंडाला पदर लावून का होईना, बोलणं निघायचं. कुणाची सून कशी, कुणाच्या रानात प्लॉट पडले, कुणाचा जावई दारू सोडून माळकरी झाला आणि माळ ठेवून परत दारूकडे गेला. भिंतीला लावलेल्या लाकडी बाकावर ही सगळी उठबस व्हायची. लोक म्हणायचे, जयवंताच्या डंक्यावर मिरची कमी आणि माणसं जास्त कांडली जातात.

आता बाक आहे आणि बसायला कुणी नाही.

मल्लाराम हे चेवेल्ल्याच्या अलीकडचं गाव. हैदराबाद इथून लांब होतं, ते आता रोज थोडं थोडं जवळ येतंय. ज्वारीच्या रानांना भिंती लागल्या, भिंतींना फाटकं लागली, फाटकांवर कुत्र्यांपासून सावध राहायला सांगणाऱ्या पाट्या लागल्या. गावात आरे मराठ्यांची पाचसहा घरं होती. घरात मराठी आणि दारात तेलुगू बोलणारी ही माणसं निजामाच्या आधीपासून इथली. त्यांनी एकेक करून जमिनी विकल्या आणि शहरात अत्तापूरकडे घरं घेतली. राहिलं ते जयवंता आणि मानोजीचं एक घर. गेल्या दसऱ्याच्या मागनं मानोजीही गेला. सकाळी चहा घेऊन मोटारीच्या पट्ट्याला राळ लावायला वाकला, तो वाकलेलाच राहिला.

तेव्हापासून डंका एकट्या जयवंताचा. लोक तिला गिर्नी अव्वा म्हणतात. कारम म्हणजे तिखट, तर ही कारम गिर्नी, आणि तिची ही म्हातारी. पूर्वी मानोजी मोटार बघायचा, पोती उचलायचा, करंट गेला की सबस्टेशनला फोन करून शिव्या घालायचा. जयवंता उखळापाशी बसून मुसळांखालची मिरची हलवायची, चाळायची. लोखंडी मुसळं आपली वर जातात, खाली येतात, हात मध्ये कधी घालायचा आणि कधी काढायचा हे अंगातच बसलेलं. आता सगळंच तिच्याकडे. पोतं उचलता येत नाही, म्हणून ती ते ओढते. ओढता येत नाही तेव्हा तिथंच सोडून सुपानं मिरची नेते. मोटार चालू असताना उठून जायची सोय नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण छातीला नळी लावून म्हणाली, "अव्वा, हा धंदा सोडा." जयवंता म्हणाली, "सोडते की. तुमी धरता काय?" डॉक्टरीण हसली आणि खोकल्याचं औषध दिलं. माणसानं हसावं आणि औषध द्यावं, याशिवाय दुसरं काय करावं म्हणा.

आणि गिऱ्हाईक? ते आता बसत नाही. मोटारसायकलवरून येतं, पोतं टाकतं, "फोन करा अव्वा" म्हणतं, जातं. यात अविश्वास गेला हे खरं. पण त्याच्याबरोबर सगळंच गेलं.

आता या गोष्टीत जे अडलं होतं ते सांगायला पाहिजे.

इथल्या मराठी माणसांत एक रीत होती. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात वर्षभर आपलं तिखट, आपलं लोणचं, आपले पापड होत नाहीत. दुखवट्याचं साल कोरडं जाऊ द्यायचं. मग त्या घरानं खायचं काय? तर शेजारी, सोयरे, ओळखीचे, आपल्या घरचं तिखट कांडून झालं की त्यातला एक डबा भरून त्या घरी नेऊन देतात. तो डबा मागायचा नसतो. आणि कुणी आणला तर नको म्हणायचं नसतं. दारावर तिखटाचा डबा आला म्हणजे गावानं म्हटलं, तुझं माणूस गेलं हे आम्हाला माहीत आहे. पंधरा डबे आले तर पंधरा वेळा म्हटलं.

जयवंतानं स्वतः अशा किती घरी द्यायच्या डब्यांची मिरची फुकट कांडून दिली होती. पण तिच्या दारी डबा आला नाही. कारण सरळ होतं. रीत कळणारी घरं गावातून गेली होती. आणि जी तेलुगू घरं होती, त्यांच्या रिती वेगळ्या. शिवाय गिर्नी अव्वाला कारम नेऊन द्यायचं, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? जिच्या अंगाला, लुगड्याला, भुवयांनाही तिखट असतं, तिच्या घरात चिमूटभर तिखट नाही, हे सांगितलं तरी खरं वाटलं नसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लेक त्रिवेणी तांडूरला दिलेली. ती म्हणाली, "आई, मी पाठवते की." पण लेकीच्या घरचं कसं घ्यायचं? तेही नाही.

मागच्या सालचं तिखट संक्रांतीला संपलं. त्यानंतर जयवंता हिरवी मिरची वाटून खात होती. उखळाच्या कडेला, चाळणीच्या जाळीत रोज मूठभर तिखट राहायचं. ते डंकेवाल्याचं, हक्काचं. मानोजी ते एका गाडग्यात साठवून हॉटेलवाल्याला विकायचा. जयवंतानं एकदा त्या गाडग्यात हात घातला आणि तसाच काढला. झाडून काढलेलं आणि दिलेलं यात फरक असतो. दुसऱ्याचं कांडलं तर ते काम, त्याला सुतक नाही. आपलं म्हणून चुलीपाशी नेलं तर तो संसार, आणि संसाराला यंदा मनाई होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी बाई. कोण बघत होतं? कुणीच नाही. पण कुणी बघत नाही म्हणून रीत सोडली, तर तिच्याजवळ दुसरं राहिलं काय असतं?

एक गोष्ट मात्र तिला मनातून लागली होती. मानोजी गेला त्या दिवशी आणि त्यानंतर ती पुष्कळ रडली. पण डंकेवालीचे डोळे लालच असतात. त्यातून पाणी वाहतच असतं. लोक आले, बसले, उठले, आणि तिच्या डोळ्यांकडे बघून कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

तिची सगळी भिस्त आता कमलबाईंवर होती.

कमलबाई बरकतपुऱ्यातल्या. त्यांच्या सासऱ्यांची मल्लारामला शेती होती, ती विकून जमाना झाला. सासरे वकील, नवरा एकनाथराव शाळेत मास्तर, मुलगा मकरंद, घर तिथलं जुनं. शेती गेली तरी मिरचीचा रिवाज राहिला. दरसाल होळी झाली की नवराबायको अफझलगंजातून बॅडगी मिरची आणि झणक्याला थोडी तेजा घेऊन मल्लारामला यायचे. एकनाथराव आणि मानोजी वडाखाली खुर्च्या टाकून जगाचं राजकारण सोडवायचे, आणि कमलबाई पदर खोचून बाकावर बसायच्या. दिवसभर. मिरचीचे देठ घरी काढून आणलेले असायचे, तरी राहिलेले दोघी मिळून काढायच्या. दुपारी एका डब्यातली पोळी आणि दुसऱ्या डब्यातली भाकरी यांची अदलाबदल. जयवंतानं त्यांना वैनी म्हणायचं, त्यांनी तिला जयवंता. एवढं नातं. पण सालातून एक दिवस जी बाई तुमच्याकडे पूर्ण तोंड करून बसते, तिला काय म्हणायचं?

वैनींना रीत ठाऊक होती. त्या येतील, माझं कपाळ बघतील, आणि आपल्या तिखटातला एक डबा बाजूला काढतील. मला काही बोलावं लागणार नाही. जयवंतानं हे मनात इतक्यांदा बघितलं होतं की ते घडून गेल्यासारखंच झालं होतं.

फोन मात्र तिनं केला नाही. फोनचा मामला दोघा पुरुषांचा होता. मानोजी एकनाथरावांना लावायचा, "मास्तर, मोटार ठीक आहे, या." आता मानोजीचा फोन तिच्याजवळ होता. तो वाजला तर ती घ्यायची, लावता यायचा नाही. आणि लावता आला असता तरी काय म्हणायचं? आमचे गेले, डबा द्या?

होळी झाली. फोन आला, पण वैनींचा नव्हता.

"काकी, बरकतपुऱ्यातून मेघना बोलते, मकरंदची मिसेस. आईंची मिरची ड्रायव्हरबरोबर पाठवते. हमेशासारखी करून ठेवाल ना? गाडी येईल परत न्यायला."

"वैनी येत न्हाईत?"

"नाही हो, तब्येत ठीक नाही त्यांची. प्रवास नाही झेपत." मागे कुणीतरी मेघनाला हाक मारली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला. पोतं उतरवून त्यानं रुमालानं नाक धरलं आणि गाडीत बसून काच वर केली. जयवंतानं पोतं उघडलं आणि तिला रागच आला. सगळी मिरची देठांसकट होती. एकाही मिरचीला हात लागला नव्हता. वैनी देठांसकट मिरची पाठवतात? मी काय त्यांची गडीण आहे? आजारी माणूस पडल्या पडल्याही देठ काढतं. म्हणजे मन उडालं. शहरातली माणसं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. सालातला एक दिवस होता, तोही जड झाला. राग असा सरळ वाटेनं चालला आणि शेवटी जिथं जायचा तिथंच गेला. ती उखळापाशी बसून रडली, आणि समोरून जाणाऱ्या भाग्यलक्ष्मीनं नेहमीसारखा हात हलवला आणि ती पुढं गेली. भाग्यलक्ष्मीचं शेजारी किराणा दुकान होतं. भली बाई. पण डंक्यात कुणी रडताना ओळखावं कसं?

देठ जयवंतानं एकटीनं काढले. बोटांची आग झाली की ताकात हात बुडवायची आणि परत बसायची. मग मिरची उन्हात टाकली, तेलाचा हात लावला, आणि एक दिवस दुसऱ्या कुणाचं पोतं न घेता फक्त वैनींची मिरची कांडली. मध्येच करंट गेला. मुसळं अर्ध्यावर थांबली. ती अंधाऱ्या शेडमध्ये नाकाला फडकं बांधून बसून राहिली, मानोजीसारख्या शिव्या घालून पाहिल्या, पण त्या तिला नीट येत नव्हत्या. करंट आला तेव्हा दुपार कलली होती. खोकत, चाळत, परत उखळात घालत तिनं ते काम पुरं केलं. रंग असा उतरला होता की वैनींनी बघायला पाहिजे होता.

तिखट मोठ्या डब्यात भरताना तिच्या मनात आलं, ड्रायव्हर येईल, काच खाली करेल, डबा घेईल, जाईल. आणि मग संपलं. आता डबा येणार नाही. कुणाकडून नाही. कुणी कधी म्हणणार नाही की मानोजी होता आणि तो गेला.

तिनं ड्रायव्हरची वाट बघितली नाही. सकाळी डंक्याला कुलूप लावलं, डबा धोतराच्या फडक्यात बांधला, दोन भाकरी पिशवीत टाकल्या, आधार कार्ड ब्लाऊजमध्ये खोवलं आणि बस धरली. तेलंगणात बायांना आता बस फुकट आहे, त्यामुळे बसायला जागा नसते. एका कॉलेजच्या पोरीनं उठून जागा दिली आणि लगेच शिंकायला लागली. मग पलीकडची शिंकली. कंडक्टर म्हणाला, "अव्वा, काय बाँब घेऊन चाललीस?" बस हसली. जयवंताही हसली, पण डबा मांडीवर तिनं घट्ट धरून ठेवला होता.

मेहदीपट्टणमला बस बदलली. अफझलगंजला उतरली तर सगळा रस्ता मसाल्याच्या दुकानांच्या वासानं भरलेला. पोत्यांच्या थप्प्या, आणि पुढं चकचकीत पाकिटांच्या माळा. तिनं एक पाकीट हातात घेऊन बघितलं. रंग लाल होता, पण तो मिरचीचा लाल नव्हता. ठेवून दिलं. आपल्या धंद्याच्या वैऱ्याला असं जवळून बघायचं पहिल्यांदाच झालं. तिथून ऑटोनं बरकतपुरा.

दार मेघनानं उघडलं. ती बाई वाईट नव्हती, घाईत होती. कानात फोनचं काहीतरी अडकवलेलं. "अय्यो काकी, तुम्ही कशाला आलात? मी गाडी पाठवणारच होते. बसा, बसा. पाणी देते." पाण्याचं नाव काढल्यावर जयवंताला कळलं की आपण सकाळपासून प्यायलेलो नाही. पण तिची नजर आतल्या खोलीकडे होती.

कमलबाई खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. अंग निम्म्यानं उतरलेलं. त्यांनी चष्मा सारखा केला, मान वळवली.

जयवंतानं त्यांचं कपाळ बघितलं. कमलबाईंनी तिचं.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भाजीची आरोळी ठोकत गेला. त्यानं ठोकली, पुढं गेला, कोपऱ्यावर परत ठोकली.

"कधी?" कमलबाईंनी विचारलं.

"दसऱ्याच्या मागनं. तुमचं?"

"दिवाळीच्या तोंडावर."

जयवंता पलंगाच्या कडेला खालीच बसली. मिरचीचे देठ तसेच का राहिले होते ते तिला आता कळलं. ज्या घरात यंदा तिखट करायचंच नाही, त्या घरात देठ कोण काढणार? देठांसकट आलेली मिरची म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, पण तिला कळायला पाहिजे होतं. आणि तिनं मात्र वैनींचं मन उडालं म्हणून धरून ठेवलं होतं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

"मला वाटलं, तुमी इसरल्या," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू," कमलबाई म्हणाल्या. "होळी झाली, मानोजींचा फोन नाही. म्हटलं, मास्तर गेले तसा आपला रिश्ताही गेला. गिऱ्हाईकच ना शेवटी आपण."

दोघींचे दोन फोन दोन पुरुषांच्या खिशात होते, आणि ते दोघे एकमेकांना फोन करायचे थांबले होते. इतकंच झालं होतं.

मेघना पाणी घेऊन आली, दुसऱ्या हातात पर्स. "काकी, तुमचं किती झालं ते सांगा."

कमलबाईंचं लक्ष तेव्हा फडक्यातल्या डब्याकडे गेलं. "हे काय आहे?"

"आपलं तिखट, आई." मेघना जरा अवघडली. "मीच पाठवली होती मिरची. बाबांच्या फोनमध्ये 'मिरची' म्हणून नंबर होता. तुम्ही जेवणाला हातच लावत नाही, पाकिटाचं तिखट आवडत नाही म्हणता. म्हटलं, घरचं आलं तर दोन घास तरी जातील."

कमलबाई रागावल्या नाहीत. सुनेचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. "अगं, यंदा आपल्या घरात तिखट होत नसतं. माणूस गेलं ना आपलं."

"मग वर्षभर खायचं काय?"

"लोक आणून देतात."

"कोण?" मेघनानं विचारलं. तिनं खरंच विचारलं होतं, त्यात खोच नव्हती.

कमलबाई बोटांवर मोजायला लागल्या. गुलबर्ग्याची नणंद गेली. काचीगुड्याची चुलतबहीण मुलाकडे पुण्याला. खालच्या मजल्यावरचे देशपांडे फ्लॅट विकून गेले. फोन सगळ्यांचे आले होते, हात जोडलेली चित्रंही आली होती. पण डबा घेऊन जिना कुणी चढलं नव्हतं. "कुणी नाही," त्या म्हणाल्या. मग जयवंताकडे वळल्या. "तुला दिलं कुणी?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती संक्रांतीपासून वाट बघत होती. आता विचारला, तर तिनं फडक्याची गाठ सोडली आणि डब्याचं झाकण काढलं. "डंकेवालीला कोन देणार, वैनी," ती कशीबशी म्हणाली. "लोकांना वाटतं, हिच्याकडं डोंगर आहे."

एवढा मोठा डबा, एवढं लालभडक तिखट, आणि दोन घरांत कुणालाही त्याला हात लावायची सोय नाही.

"दुखवट्याच्या घरचं दुखवट्याच्या घराला चालतं का गं?" कमलबाईंनी विचारलं.

"मालूम न्हाई. आमची आत्या असती तर सांगितलं असतं."

"माझ्या सासूबाई होत्या. त्यांना सगळं यायचं." कमलबाईंनी बोटानं पलंगाची किनार दाबली. "आता विचारायचं कुणाला?"

कुणाला नाही. ज्यांना नियम ठाऊक होते ते सगळे गेले होते, आणि नियम या दोघींच्या ताब्यात टाकून गेले होते. हे दोघींना एकाच वेळी उमगलं असावं. कमलबाई उठल्या. मेघना आधार द्यायला धावली, तिला त्यांनी हातानं थांबवलं आणि भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरून झाकणाचा एक स्टीलचा डबा काढला, पुसला, आणि परत येऊन जयवंतापुढं ठेवला. "भर," त्या म्हणाल्या. "नाही, थांब. मी भरते."

त्यांनी वाटीनं तिखट घातलं. थोडं फरशीवर सांडलं. शिंका आल्या, तरी त्या भरतच राहिल्या. डबा काठोकाठ झाला तेव्हा त्यांनी झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी जयवंताच्या पदरात ठेवला. "मानोजींच्या सालचं," त्या म्हणाल्या.

जयवंतानं फडक्यातला मोठा डबा उचलून कमलबाईंच्या हातात दिला. त्याला ओझं होतं, म्हणून खालून आपलाही हात ठेवला. "मास्तरांच्या सालचं," ती म्हणाली.

मेघना दोघींकडे बघत होती. "पण आई, ते तर एकच आहे."

"एकच कसं?" कमलबाई म्हणाल्या. "तिनं दिलेलं तिचं, मी दिलेलं माझं."

मेघनानं पर्स उघडली होती, ती तिनं बंद केली. एवढं तिला कळलं. मग तिनं उपमा केला, आणि त्यावर कमलबाईंनी चिमूटभर नवं तिखट भुरभुरून घेतलं. दोन घासांच्या जागी चार गेले. जयवंता निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढल्या साली येते बसायला. देठ काढून आणते." जयवंता म्हणाली, "या की." कमलबाईंना त्या जिन्याच्या पायऱ्या उतरता येणार नाहीत, हे दोघींना दिसत होतं. पण बोलायला काय जातं.

संध्याकाळी बस फाट्यावर आली तेव्हा जयवंताच्या पायात घरापर्यंत चालायची ताकद राहिली नव्हती. तिनं डंक्याचं कुलूप काढलं. सकाळपासून बंद असलेल्या शेडमध्ये धूळ खाली बसली होती, हवा स्वच्छ होती. ती बाकावर बसली. इतक्या वर्षांत ती त्या बाकावर गिऱ्हाइकाच्या जागी कधी बसली नव्हती. पिशवीतल्या भाकरी तशाच होत्या. वैनींचा डबा उघडला, भाकरीवर तिखट घेतलं, मिरचीला लावायच्या बाटलीतलं तेल त्यात सोडलं, आणि घास तोंडात घातला.

तिखट चांगलं होतं. तिनंच कांडलं होतं, तिला ठाऊक होतं. पण कांडलेलं आणि दिलेलं यांची चव वेगळी लागते. दुसऱ्या घासाला मानोजी तिच्यासमोर उभा राहिला, पट्ट्याला राळ लावताना होता तसा, पाठमोरा. आणि ती रडली. कुणापासून लपवायचं नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडली.

भाग्यलक्ष्मी दुकान बंद करून निघाली होती. ती दारात थांबली. "अव्वा," ती तेलुगूत म्हणाली, "आज तर गिर्नी बंद होती ना?"

"होती."

"मग डोळे का असे?"

जयवंतानं पदरानं तोंड पुसलं. भाकरीकडे बोट दाखवलं. "तिखट जरा झोंबलं."

भाग्यलक्ष्मीनं थंड पडलेल्या उखळाकडे बघितलं, बंद मोटारीकडे बघितलं, मग अव्वाकडे. पिशवी खाली ठेवली. तिची मिरची कुठंच नव्हती, तरी ती बाकावर येऊन बसली.